पहिल्या वर्षीची फुलं : बेलापूरच्या अंगणातल्या क्रॅबॲपलचं प्रकरण

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्या दिवशी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्या एका घरासमोरचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला. कुणाला लागलं नाही, कुंपणाची जाळी तेवढी वाकली. पण घरातल्या काकूंना ओट्यापाशी उभं राहिलं की थेट समोरच्या घराची मोरी दिसायला लागली. हे सगळं प्रकरण त्या उघड्या पडलेल्या खिडकीतून सुरू झालं.

मी नवी मुंबईत लहान अंगणांच्या आणि गच्च्यांच्या बागा आखून देते. माझ्याकडे हे घर आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, गुलमोहराच्या जागी लावलेल्या क्रॅबॲपलला, म्हणजे शोभेच्या छोट्या सफरचंदाच्या झाडाला, दहा महिने झाल्यावर. घरच्यांना विचारूनच इथे सविस्तर लिहिते आहे. क्रॅबॲपल आपल्याकडे होईल का, असं विचारणारे बरेच भेटतात, आणि 'नाही होत' एवढंच सांगून त्यांना वाटेला लावणं मला पटत नाही. न होणं म्हणजे नेमकं काय, हे या एका झाडानं फार स्पष्ट दाखवलं.

आधी काकूंना हे झाड का हवं होतं ते सांगते, कारण ते मला स्वतःला उशिरा कळलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्या लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या, शिकागोजवळच्या एका उपनगरात. तिथे पोचल्या तेव्हा खिडकीबाहेर नुसत्या काटक्या होत्या. बाळ दहा-बारा दिवसांचं झालं, आणि रात्री जागून पहाटे त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या असताना त्यांना दिसलं की त्या काटक्यांवर गडद लाल कळ्या आल्या आहेत. दोन-तीन दिवसांत अख्खं झाड गुलाबी. पाच पाकळ्यांची, रुपयाएवढी फुलं, फांदीचं लाकूड दिसू नये इतकी. ऑक्टोबरमध्ये निघाल्या तेव्हा त्याच फांद्यांवर बोराहून लहान लालभडक फळं लटकत होती. जानेवारीत लेकीनं फोटो पाठवला : बर्फ, तीच फळं आणि ती खायला आलेला पाखरांचा थवा. काकूंच्या फोनवर तो फोटो अजून पहिल्या पानावर आहे.

क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाचाच भाऊबंद. वंश तोच, मालुस. फळ साधारण दोन इंचांपेक्षा लहान असेल तर क्रॅबॲपल, मोठं असेल तर सफरचंद, इतकी साधी वाटणी बागवाल्यांमध्ये चालते. लेकीच्या अंगणातलं झाड 'प्रेयरीफायर' जातीचं. ही जात इलिनॉय विद्यापीठात तयार झाली आणि १९८२ पासून विक्रीत आहे. उंची वीस फुटांच्या आत, कोवळी पानं तांबूस, आणि मुख्य म्हणजे स्कॅब या बुरशीला दाद न देणारी. जुन्या घरमालकानं लावलेलं आधीचं झाड या स्कॅबपायीच काढावं लागलं होतं. ओल्या वसंतात पानांवर हिरवट तपकिरी डाग पडायचे आणि ऐन उन्हाळ्यात झाड उघडं व्हायचं. हे वाचणाऱ्यांपैकी जे तिकडे राहतात त्यांना एवढंच सांगेन : रंगावर भाळून झाड घेऊ नका. स्कॅब आणि फायर ब्लाइट या दोन्ही रोगांना टिकणारी जात कोणती, हे आधी विचारा. फायर ब्लाइट जिवाणूमुळे होतो. त्यात कोवळा फुटवा काठीच्या मुठीसारखा वाकतो आणि होरपळल्यासारखा काळा पडतो. जागा अगदीच कमी असेल तर 'सार्जंट' हा बुटका, आडवा पसरणारा प्रकार शोधा.

आता बेलापूर. काकांनी इंटरनेटवर शोधून हिमाचलमधल्या एका रोपवाटिकेकडून शोभेच्या क्रॅबॲपलचं कलम मागवलं. हिमाचलात ही झाडं नवलाची नाहीत. सफरचंदाला फळ धरायला दुसऱ्या जातीचे परागकण लागतात आणि क्रॅबॲपल भरपूर फुलतं, म्हणून बागांमध्ये मधूनमधून मुद्दाम लावतात. शेवाळ आणि गोणपाटात गुंडाळलेलं, बिनमातीच्या मुळांचं कलम आलं आणि २६ जानेवारी २०२२ ला, सुट्टी साधून, काकांनी ते गुलमोहराच्या जुन्या खड्ड्यात लावलं. फेब्रुवारी संपता संपता त्याला पानं फुटली आणि दोन आखूड फुटव्यांवर मिळून अकरा फुलं आली. अकरा हा आकडा मला काकूंनी सांगितला. त्यांनी रोज मोजली होती.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी झाडाआधी त्या फुलांचा फोटो दाखवला. "म्हणजे येतं ना इथे?" असं विचारलं. समोर उभं होतं ते कंबरेच्या वर जेमतेम आलेलं झाड, पावसाळ्यात पडलेल्या डागांनी चरचरीत झालेली पानं, शेंड्याला चार हिरवी पानं आणि मधली सगळी फांदी उघडी. फोटोतलं झाड हेच, यावर विश्वास बसत नव्हता.

मी काकांना विचारलं, हे कलम तिथल्या जमिनीतून कधी उपटलं होतं? काका कागद जपणारे आहेत. रोपवाटिकेचा निरोप त्यांनी फोनमधून काढून दाखवला : जानेवारीचा तिसरा आठवडा. तिथेच उत्तर मिळालं. अख्खा डिसेंबर आणि निम्म्याहून जास्त जानेवारी हे झाड हिमाचलाच्या थंडीत उभं होतं. त्याच्या डोळ्यांची, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबांची, झोप तिथेच पूर्ण झाली होती. बेलापूरला आल्यावर ऊन आणि पाणी मिळताच ते जागं झालं, एवढंच. ती अकरा फुलं हिमाचलाच्या थंडीनं दिलेली होती. बेलापूरनं त्यांना फक्त उमलायला जागा दिली.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडची बहुतेक फसगत इथेच होते. सफरचंदाच्या कुळातली झाडं पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे आदल्या उन्हाळ्यातच तयार करतात आणि मग ते बंद करून ठेवतात. मध्येच चार दिवस ऊब आली म्हणून डोळे फुटले तर पुढच्या हिमात ते मरतील, म्हणून झाड थंडीचे तास जणू मोजत राहतं. ढोबळमानानं ७ अंशांच्या खालचे तास धरतात. सफरचंदाच्या जुन्या, नावाजलेल्या जातींना असे हजारभर किंवा त्याहून जास्त तास लागतात. हजार तास म्हणजे सलग धरले तर बेचाळीस दिवस. ते भरल्याशिवाय डोळा मनापासून उघडत नाही. मुंबईचा आजवरचा नीचांक जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझला नोंदला गेला, ७.४ अंश. म्हणजे सांताक्रूझच्या नोंदींत ज्या रात्री सर्वांत जास्त थंडी होती, त्या रात्रीही झाडाच्या वहीत एक तास जमा झाला नसता.

हे ऐकून काकू गप्प बसल्या. काका म्हणाले, "एक हिवाळा बघू या." मलाही ते योग्य वाटलं. झाड लावलेलंच होतं, आणि पुस्तकातलं ज्ञान माणसाच्या अंगणापुढे लगेच रेटू नये असं मला वाटतं. मी खोडाला एक कमाल-किमान तापमापक बांधला. काका रोज सकाळी आकडा वहीत लिहायचे. त्या हिवाळ्यात पारा १४ च्या खाली गेला नाही.

त्या दोन-तीन महिन्यांत आम्ही गप्प बसलो नव्हतो. शेजाऱ्यांनी सुचवलं की आळ्यात बर्फ टाका, तशा चित्रफिती खूप फिरतात. मी नको म्हटलं. थंडी मोजतात ते डोळे, फांदीवरचे. मुळांपाशी बर्फ टाकून ते फसत नाहीत, उलट तंतुमुळांना धक्का बसतो. काकांनी मात्र एक खरीखुरी गोष्ट शोधून काढली. इंडोनेशियात, पूर्व जावामधल्या बातू गावाच्या परिसरात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सफरचंदं पिकतात. तिथे फळं उतरवल्यावर शेतकरी झाडाची सगळी पानं हातानं खुडतात. डोळे गाढ झोपेत जायच्या आतच झाडाला पुन्हा फुटायला लावायचं, ही त्यामागची युक्ती. वर्षाला दोन बहर घेतात. काकांनी विचारलं, आपण करू या का?

मी हो म्हटलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून पानं खुडली. तीन आठवड्यांनी शेंड्याला पालवी आली. फक्त शेंड्याला. खालच्या फांदीवरचे डोळे होते तसेच. जानेवारीत त्यातला एक मी ब्लेडनं उभा चिरला आणि भिंगातून काकूंना दाखवला. बाहेरची खवलं शाबूत, जवळजवळ हिरवी. आत जिथे कळ्यांचा गुच्छ दिसायला हवा तिथे सुकलेला तपकिरी ठिपका, चिमटीत धरला तर भुकटी होईल असा. काकूंनी भिंग बराच वेळ धरून ठेवलं होतं.

बातूमध्ये जमतं ते इथे का जमलं नाही, याची कारणं माझ्या समजुतीप्रमाणे दोन. तिथल्या बागा डोंगरावर आहेत, वर्षभर हवा मध्यम थंड. आणि तिथे हे चक्र झाड लहान असल्यापासून बसवलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेचा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ चार महिन्यांचा पाऊस सोसून थकलेल्या झाडाची पानं आम्ही खुडली. त्याच्या साठ्यात फारसं काही उरलंच नव्हतं. ही गोष्ट मला खुडण्याआधी सुचायला हवी होती.

मध्ये काकांनी बातम्यांत आलेल्या एचआरएमएन-९९ या सफरचंदाचाही विषय काढला. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली, कमी थंडीत फळणारी ही जात देशात पुष्कळ ठिकाणी लावली गेली आहे. पण ते खायचं सफरचंद, शोभेचं नव्हे. आणि पठारावरच्या कोरड्या, गार रात्री वेगळ्या, खाडीकाठच्या दमट रात्री वेगळ्या. घाटावर कुणाचं झाड फळलं म्हणून ते कोकणपट्टीत फुलेल असं मी कुणालाही सांगणार नाही.

खड्ड्याचं प्रकरण

थंडी हे एक कारण झालं. दुसरं खड्ड्यात होतं, आणि ते क्रॅबॲपलपुरतं नाही, म्हणून त्यावर जरा थांबते.

आर्टिस्ट व्हिलेज वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलं, ऐंशीच्या दशकात. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, सात-सात घरांच्या मध्ये एकेक अंगण. पारसिकच्या टेकडीखालचा हा भाग, त्यामुळे खाडीच्या भरावावरच्या वसाहतींसारखी खारी माती इथे नाही. पण काळानुसार घरं वाढली, अंगणांत पेव्हर ब्लॉक आले आणि पावसाचं पाणी जिरायच्या जागा कमी झाल्या. गुलमोहर उपटून निघाला तेव्हा खाली बशीसारखा खोलगट खड्डा राहिला. काकांनी त्यात लाल माती आणि शेणखत भरलं, भोवती नीट आळं केलं. दिसायला सुंदर. फेब्रुवारीत मी शेजारीच हातभर खोल खड्डा करून तो पाण्यानं भरला. सकाळी नऊला भरलेला, दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी वीतभर पाणी होतं. तीन बाजूंना पेव्हर, खाली घट्ट मुरूम, मध्ये भुसभुशीत लाल माती : म्हणजे अख्खा पावसाळाभर झाड एका मोठ्या टबात उभं. जून ते सप्टेंबर त्याच्या मुळांना श्वास मिळत नव्हता.

मार्चमध्ये फूल आलं नाही. मेमध्ये खोडाच्या पश्चिमेकडच्या बाजूची साल उन्हानं तडकली. सावली द्यायला पानंच नव्हती. आम्ही चुना लावला, बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुंध्यापाशी, कलमाच्या सांध्याच्या जरा वर, साल मऊ लागली. चाकूनं खरवडलं तर हिरव्याऐवजी चॉकलेटी, ओलं, आंबूस वासाचं. ते काकांनी स्वतः उपटलं, मला करू दिलं नाही. दोन पूर्ण पावसाळ्यांचंही आयुष्य त्याला मिळालं नाही.

रोपवाटिकेनं सदोष झाड दिलं होतं, असं मी म्हणणार नाही. कलम निरोगी होतं, बांधणी उत्तम होती. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. त्यांच्या जाहिरातीत 'सर्व हवामानात फुलतं' असं लिहिलं होतं आणि खाली समुद्रकाठच्या शहरातल्या ग्राहकांनी पाठवलेले फुलांचे फोटो होते. ते फोटो बहुधा खरेच असणार. पण ते पहिल्या वर्षीचे, थंडीतून आलेल्या कलमांचे असणार. तिसऱ्या वर्षीचा फोटो मागितला असता तर काका थांबले असते, असं ते स्वतःच म्हणाले.

मग काय लावलं

झाड जायच्या आधीच, २०२३ च्या एप्रिलमध्ये, मी काकूंसमोर बसून एकच प्रश्न विचारला होता : तिकडच्या झाडाचं नेमकं काय हवंय? नाव सोडून द्या. त्या विचार करून म्हणाल्या, "खिडकीतून दिसावं. पानांच्या आधी फुलं यावीत, एकदम. घराच्या डोक्यावर जाऊ नये. आणि पाखरांना खायला असावं." हे चार धागे हातात आल्यावर काम सुकर झालं. तो प्रश्न मी नोव्हेंबरमध्येच विचारायला हवा होता.

काकूंची पहिली सूचना होती गुलाबी टॅबेबुयाची. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ही झाडं गुलाबी होतात ती सगळ्या ठाणे-मुंबईनं पाहिली आहेत. पण ती रस्त्याकडेला शोभतात. उंच वाढतात, पाखरांना खाण्याजोगं फळ नाही, आणि बारा फुटांच्या अंगणात ते झाड म्हणजे पुन्हा एक गुलमोहर. शिवाय महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यामुळे उंचीचा विचार रोप लावतानाच व्हायला हवा. गिरीपुष्पाची फुलं निष्पर्ण फांदीवर येतात आणि लांबून क्रॅबॲपलचा भास देतात खरी, पण बी उंदरांना विषारी, म्हणून तर त्याला उंदीरमारी म्हणतात. मी अंगणात लावत नाही. ताम्हण माझं लाडकं, राज्यफूल, पण त्याला पूर्ण पानं आल्यावर बहर येतो आणि झाड मोठं होतं.

ठरलं ते रक्तकांचन. हिवाळ्यात पानं गाळतो, फेब्रुवारीपासून जवळजवळ उघड्या फांद्यांवर फुलतो, छाटणी मुकाट सोसतो, वीस फुटांच्या आसपास राखता येतो. पानं आपट्यासारखी जोडलेली, एकाच गोत्रातली. शेंगांवर पाखरं येत नाहीत, हा त्याचा उणेपणा. म्हणून कुंपणाच्या कोपऱ्यात अंजनी. माथेरान-महाबळेश्वरला गेलेल्यांनी अंजनी नक्की पाहिली असेल, ओळखली नसेल. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या फांद्यांवर, थेट लाकडावर, निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके फुटतात, जणू कुणी फांदीला निळी लोकर गुंडाळली आहे. मग काळपट जांभळी छोटी फळं, बुलबुलांची आवडती. फांदी फुलानं झाकणं आणि पाखरांना फळ देणं, ही दोन्ही कामं सह्याद्रीत ती करते. वाढ मात्र अतिशय मंद, आणि हे मी काकूंना आधीच स्पष्ट सांगितलं.

जुन्या खड्ड्यात काही लावलं नाही. कांचन सहा फूट बाजूला घेतला, पेव्हरच्या दोन रांगा उचलल्या, मुरूम पहारीनं फोडला आणि जमिनीपेक्षा फूटभर उंच गादी करून त्यावर रोप लावलं. पाण्याला कुंपणाकडे उतार दिला. जून २०२३ चा दुसरा पाऊस पडून गेल्यावर लागण झाली. पहिल्या पावसात माती नुसती वरून भिजते, म्हणून मी नेहमी दुसऱ्याची वाट पाहते.

पहिल्या हिवाळ्यात कांचन फुलला नाही. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा मला फोन आला नाही यावरून मला कळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका सकाळी फोटो आला : खिडकीची चौकट, मध्ये एक बाकदार फांदी, तिच्यावर सात फुलं. एका पाकळीवर गडद किरमिजी झाक, बाकीच्या फिकट. त्याच आठवड्यात मी गेले. आम्ही ओट्यापाशी उभ्या होतो आणि एक जांभळा शिंजीर उलटा लटकून फुलात चोच घालत होता. काकू म्हणाल्या, "हे तिकडच्यासारखं दिसत नाही." खरंच दिसत नाही. कांचनाचं फूल मोठं, सैल, आणि क्रॅबॲपलची ती गच्च भरलेली फांदी त्याला कधीच जमणार नाही. मी तसं कबूल केलं. त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तिकडे सकाळ होती, बाहेर बर्फ. तिनं फोन खिडकीकडे फिरवला. तिच्या झाडावर सुरकुतलेली थोडी फळं उरली होती. थंडीत गोठून-विरघळून ती मऊ झाली की मगच पाखरं येतात, असं तिनं सांगितलं. नात मध्येच डोकावून विचारत होती की आजीच्या झाडावर कोण बसलंय. काकू फोन घेऊन अंगणात गेल्या, पण शिंजीर तोवर उडाला होता.

अंजनीला अजून फूल नाही आणि काही वर्षं येईल असं मला वाटत नाही. काकू दर पाडव्याला गुढी उभारून झाली की तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहतात आणि उंची पाहतात. या वेळी ती त्यांच्या गुडघ्याच्या वर चार बोटं होती.